मुंबईत येणारी माणसं आणि मुंबईचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मध्य मुंबईतल्या एका रात्रशाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. दिवसभर कुरिअर पोचवणारा बीडचा मुलगा आणि फरसाणाच्या कारखान्यात कढईसमोर उभा राहणारा उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याचा मुलगा माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात. माझे आजोबा राजापूर तालुक्यातून गिरणीत कामाला आले, मी परळच्या चाळीत वाढले आणि आता डोंबिवलीहून ये-जा करते. त्यामुळे हा विषय निघाला की लोक मला हमखास प्रश्न विचारतात. लग्नात विचारतात, लोकलमध्ये विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्येही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मुंबईचे मूळचे रहिवासी कोण?

कोळी. त्यांच्याबरोबर आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन (इथलेच मूळचे ख्रिस्ती) अशा जुन्या वस्त्या. वरळी, माहीम, माझगाव ही नावं गिरण्यांच्या भोंग्याच्या कितीतरी आधीची आहेत. बाकी आपण सगळे कधी ना कधी आलेले.

हे बोलायला गोड वाटतं म्हणून सांगत नाही. १९२१ च्या जनगणनेत या शहरातल्या दर शंभर माणसांपैकी साधारण ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. त्यांत सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा होता, आणि तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता. हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे ज्या गिरणगावाला आपण मराठी मुंबईचं काळीज म्हणतो, ते घरदार गावाला ठेवून आलेल्या पुरुषांनी भरलेलं होतं. माझे आजोबा नंतरचे, पण त्यांचे थोरले चुलते त्या ८४ मधले.

'स्थलांतरित' नक्की कोणाला म्हणतात?

जनगणनेत जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण विचारतात. त्या हिशेबाने साताऱ्याहून लग्न होऊन दादरला आलेली सून स्थलांतरित ठरते, आणि आझमगढच्या टॅक्सीवाल्याची नायर रुग्णालयात जन्मलेली मुलगी ठरत नाही. आपण बोलताना बरोबर उलटं धरतो. २०११ मध्ये बृहन्मुंबईतले शंभरातले चाळीसहून अधिक लोक या व्याख्येत बसत होते. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे टीव्हीवर जे आकडे फेकले जातात ते एकतर जुने असतात, नाहीतर कोणाच्या तरी मनातले.

गावाहून आलेला माणूस पहिल्या रात्री झोपतो कुठे?

मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो क्वचितच कोणी विचारतं.

तो गाववाल्याकडे झोपतो. शंभर वर्षांपूर्वी तसंच होतं आणि आजही तसंच आहे. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी कित्येक पिढ्या बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरल्या. खिशात पत्ता एवढाच असायचा: अमुक चाळ, दुसरा मजला, गावकीची खोली. लालबाग-परळमध्ये गावागावांच्या अशा खोल्या होत्या. आजऱ्या-चंदगडकडच्या मंडळांच्या काही अजून आहेत. लहानपणी आजोबांसोबत मी अशी एक खोली पाहिली आहे. भिंतीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेकाची पिशवी. खाली पत्र्याच्या ट्रंका एकावर एक, त्यावर घड्या घातलेल्या वळकट्या. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या जागेवर आडवा व्हायचा, तिथून दिवसपाळीचा नुकताच उठून गेलेला असायचा. कोपऱ्यात गावदेवाचा फोटो आणि त्याच्याखाली भिशीची वही. कोण आजारी, कोणाची नोकरी सुटली, कोणाच्या घरची मनीऑर्डर राहिली, हे सगळं त्या वहीत असे. बँक नव्हती, विमा नव्हता. जे होतं ते त्या खोलीत होतं.

गोवेकरांचे कूड हेही याच जातीचे. धोबी तलाव, डाबूल, माझगाव या भागांत गावागावाचा एकेक क्लब. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वादक तिथे उतरायचे, भाडं नाममात्र, संध्याकाळी सगळे मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे. आणि लक्षात घ्या, १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता. म्हणजे पेडण्याहून किंवा साळशेतहून आलेला माणूस कागदोपत्री परदेशातून आलेला होता. त्याला मुंबईने कधी परका म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आज माझ्या वर्गातला बस्तीचा मुलगा साकीनाक्याला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर राहतो. अकरा जण आहेत, सगळे जवळजवळच्या गावांतले. भिंतीवर खिळे आहेत आणि खिळ्यांना पिशव्या आहेत. फक्त वहीची जागा मोबाइलवरच्या ग्रुपने घेतली आहे.

झोपडपट्ट्या परप्रांतीयांमुळेच वाढल्या ना?

नाही. झोपडपट्टी वाढते ती कमी पगाराच्या माणसाला भाड्याने घर मिळत नाही म्हणून, आणि ते का मिळत नाही याला इतिहास आहे.

१८९६ ला प्लेग आला तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी (सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी बांधल्या, एकूण २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची, तिच्यात सहा-आठ माणसं. फार चांगलं घर नव्हतं, पण कामगाराला परवडेल असं पक्कं छप्पर होतं. खासगी मालकही चाळी बांधत होते, कारण भाड्यातून पैसे सुटत होते.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. हेतू भाडेकरूला वाचवण्याचा होता आणि त्या काळात तो बरोबरच होता. पण गोठलेली भाडी पुढे दशकानुदशकं तशीच राहिली. मालकाने दुरुस्ती सोडली, नवी चाळ बांधणं तर कोणालाच परवडेना. त्याच सुमाराला फाळणी झाली, सिंधी आणि पंजाबी निर्वासित आले. त्यांच्यासाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उल्हासनगर वसलं, शीव कोळीवाड्यात आणि चेंबूरला छावण्या झाल्या. गिरण्या, गोदी, रेल्वे सगळीकडे माणसं हवी होती. माणूस हवा, पण त्याने राहावं कुठे याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ते उत्तर ज्याचं त्याने खाडीकाठी, रुळालगत, डोंगरउतारावर शोधलं.

आणि झोपडीत कोण राहतं हेही पाहा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातून आलेली कुटुंबं, घाटकोपरच्या रमाबाईनगरातले आपले लोक, धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार, तिथल्या चामड्याच्या धंद्यात तमिळनाडूतून आलेले कामगार. कोणत्याही एका प्रांताच्या नावावर हे खापर फोडता येत नाही.

२०११ मध्ये शहरातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत होते, आणि त्याच जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी आढळली. हे दोन आकडे मी वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. मुलं बराच वेळ बघत राहतात.

पाणी पुरत नाही, ते माणसं वाढल्यामुळे?

माणसं वाढली हे खरंच आहे. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा, मध्य वैतरणा २०१४ चा. शहर वाढलं तसं पाणी लांबून लांबून आणावं लागलं. पण टंचाई सगळ्यांना सारखी नसते. ज्या वस्त्या शासनाने मान्यतेसाठी ठरवलेल्या तारखेनंतरच्या ठरल्या, त्यांना महापालिका नळजोडणीच देत नव्हती. त्या बाया हंड्याला पैसे मोजून, इमारतीतल्या माणसाच्या कितीतरी पट दराने पाणी घ्यायच्या. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती बेकायदा असली तरी तिथल्या माणसाचा पाण्यावरचा हक्क बेकायदा होत नाही. अंमल अजून अडखळतच चालला आहे.

मराठी माणसाच्या नोकऱ्या बाहेरच्यांनी घेतल्या का?

या प्रश्नामागे खरी जखम आहे, म्हणून त्याला झटकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. घरात रॉकेलचा डबा कोणी उचलला तर आवाजावरून कळायचं की तो रिकामा आहे. त्या घरातून मी बोलते आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना ती नोकरी पुन्हा मिळालीच नाही. मालकांनी काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळवलं. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीची तीन वाटण्यांची तरतूद आली: एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त जी जमीन आधीच मोकळी होती तिच्यापुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. आज तिथे मॉल आणि टॉवर उभे आहेत. आमच्या चाळीतली अर्धी घरं डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला गेली. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तेहतीस लाखांवरून एकतीस लाखांखाली आली, आणि ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

यात भेळवाल्या भैय्याने काय केलं, ते मला कोणी दाखवून द्यावं. त्याने जमिनीची वाटणी बदलली नाही.

हो, काही धंद्यांत स्पर्धा आहे. रंगकाम, सुतारकाम, फरशी, रिक्षा यांत दूरवरून आलेला माणूस कमी पैशात आणि जास्त तास राबायला तयार होतो, कारण त्याला महिनाअखेर गावी पैसे पाठवायचेच असतात. त्याने मजुरीचा दर खाली येतो आणि त्याचा फटका आपल्या मुलांना बसतो, हे मी डोळ्यांनी पाहते. पण त्याचं कारण किमान वेतन न देणारा ठेकेदार आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा म्हणत होता की त्याला स्थानिकाइतकीच मजुरी द्या. तसं झालं असतं तर बाहेरचा माणूस स्वस्त पडलाच नसता आणि ठेकेदाराने नाक्यावरच्या आपल्या मुलालाही विचारलं असतं.

आपली मुलं ती कामं करायलाच तयार नसतात, असं म्हणतात. खरं आहे?

अर्धवट खरं. बीडचा मुलगा दिवसाला चाळीस-पन्नास पार्सलं पोचवतो, त्याला कोणी आळशी म्हणून दाखवावं. विरारला राहणाऱ्या मुलाला अंधेरीच्या कामासाठी रोज तीन तास गाडीत घालवावे लागतात; गाळ्यातच झोपणाऱ्या मुलाला नाही. मालक कोणाला ठेवेल?

मुंबईत मराठी कमी होते आहे, याला तरी हेच कारण ना?

आकडा आहे खरा. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ मध्ये सुमारे ४४ लाख होते, दहा वर्षांपूर्वीपेक्षा थोडे कमी. हिंदी सांगणारे वाढून सुमारे ३६ लाख झाले. मला याची काळजी वाटते. माझं पोट मराठीवर आहे आणि जीवही.

पण वर दिलेला ठाण्याचा आकडा पुन्हा बघा. मराठी माणूस मुंबईतून बाहेर पडला, तेव्हा त्याची भाषाही त्याच्याबरोबर गेली. दुसरं म्हणजे मराठी शाळा. महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, आणि मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडले ते आपणच मुलं काढून इंग्रजीत घातली म्हणून. बिहारच्या मजुराने आपल्या पोराचं नाव कापलं नाही.

तिसरी गोष्ट रोजची आहे. बस्तीचा मुलगा आला तेव्हा त्याला 'ळ' म्हणता येत नव्हता. 'शाला', 'कमल'. बीडच्या मुलाने त्याला मधल्या सुट्टीत बसवून 'काळी मांजर माळ्यावर पळाली' हे शंभर वेळा म्हणायला लावलं. दिवाळीनंतर तो एक दिवस तणतणत आला. म्हणाला, "बाई, मी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो आणि गिऱ्हाईक मराठी असूनही हिंदीत उत्तर देतं. मग मी शिकू कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, वॉचमनशी मराठीच बोलते, सावकाश आणि न रागावता. बहुतेकांना समजतं. समजलं नाही तर पुन्हा सांगते. मारहाण करून 'जय महाराष्ट्र' वदवून घेतल्याने माणूस दोन शब्द घाबरून शिकतो, भाषा शिकत नाही.

येणाऱ्यांना अडवता येत नाही का? परवाना पद्धत का नाही?

नाही येत. घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. त्याच हक्काने मराठी माणूस इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूरला आहे. राज्य आपल्या हातातल्या गोष्टींना अटी घालू शकतं. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. पदपथावर राहणाऱ्यांबद्दल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं म्हटलं, आणि तरीही रीतसर नोटीस देऊन हटवण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला. दोन्ही बाजूंनी हा निकाल अर्धाच सांगितला जातो.

आणि बांगलादेशी?

परदेशी नागरिक विनापरवाना राहत असेल तर त्यासाठी कायदा आहे, तो चालवावा. पण मालदा किंवा मुर्शिदाबादहून आलेला गवंडी बंगाली बोलतो म्हणून तो बांगलादेशी ठरत नाही. तो तुमच्या-माझ्याइतकाच भारतीय आहे. भाषेवरून नागरिकत्व ठरवायला लागलो तर उद्या सीमेपलीकडच्या मराठी माणसाला कर्नाटकात काय सांगणार?

या सगळ्यात बायका कुठे असतात?

गिरणी कामगाराला दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, पैसे पगाराला. मधल्या काळासाठी त्या सावकाराकडून कर्ज घ्यायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज जालन्याहून, कलबुर्गीहून, बंगालमधून आलेल्या बायका चार घरची धुणीभांडी करतात, केरळच्या मुली रुग्णालयांत रात्रपाळी करतात. त्यांच्यावर ना कोणी मोर्चा काढतं ना त्यांच्यासाठी कोणी काढतं.

२०२० च्या टाळेबंदीत काय दिसलं?

२५ मार्चला देश बंद झाला. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ द्या म्हणत गर्दी जमली. श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या १ मे पासून. ८ मेच्या पहाटे जालन्याहून निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली १६ जण गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर पडल्या होत्या.

त्या दिवसांत माझ्या एका विद्यार्थ्याचा फोन आला तो नाशिकच्या पुढून, आग्रा रस्त्यावरून. म्हणाला, "बाई, वही गाळ्यात राहिली, कोणी फेकू नये असं सांगा." मी सांगितलं. वही अजून माझ्या कपाटात आहे. तो परत आला नाही, तिकडेच दुकान टाकलं आहे.

नवीन आलेल्या कुटुंबाला निदान काय सांगावं?

रेशन: 'एक देश एक रेशन कार्ड' खाली अन्नसुरक्षा यादीतलं गावचं कार्ड इथल्या दुकानावरही चालतं, आधारवर अंगठा लागतो. दुकानदार नाही म्हणाला तर शिधावाटप कार्यालयात जा.

बांधकामावर असाल तर वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६० लागतं. मतदार यादीत पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर अर्ज क्रमांक ६ भरा, आणि गावच्या यादीतलं नाव इथे हलवायचं असेल तर अर्ज क्रमांक ८.

शाळा: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरीही नाही. चौदाच्या पुढचा असेल आणि दिवसा काम करत असेल, तर आठवीपासून रात्रशाळा आहे. आमचा वर्ग साडेसहाला सुरू होतो, पण कामावरून येणाऱ्यांसाठी दार सातपर्यंत उघडं असतं. कागद नंतर आणले तरी चालतात, आधी मुलाला पाठवा.